पेटी कोणाची?

माणसाचें वय झालें म्हणजे त्याला कोपऱ्यांतली जागा देतात. लांकडाचें वय झालें म्हणजे त्याला दिवाणखान्यांत आणून बसवितात. हा जगाचा न्याय आमच्या ध्यानांत गेल्या मार्गशीर्षांत आला. आमच्या चिरंजीवांनीं मुंबईस अंधेरीच्या बाजूला तीन खोल्यांचें नवें घर घेतलें. घर सतराव्या मजल्यावर. भिंती दुधासारख्या पांढऱ्या, फरशी आरशासारखी लखलखीत, आणि खोल्या सगळ्या मोकळ्या. आम्हांला तें घर होतें तसेंच आवडलें होतें. परंतु आमच्या सूनबाईच्या मतें रिकामी भिंत म्हणजे कोरी उत्तरपत्रिका. तिच्यावर कांहीं तरी लिहिलेंच पाहिजे.

तिला घर सजवावयाचें होतें, आणि तेंहि नव्या सामानानें नव्हे, तर जुन्या. अशा जुन्या सामानाला हल्लीं 'व्हिंटेज' म्हणतात. हा शब्द मूळचा द्राक्षाच्या मळ्यांतला. ज्या सालच्या हंगामाचीं द्राक्षें, त्या सालाचा शिक्का मद्यावर. आणि मद्य जितकें मुरेल तितकें महाग. त्याच न्यायानें खुर्चीहि मुरते असें बाजारानें ठरविलें आहे. "बाबा, तुम्हांला जुन्या लांकडाची पारख आहे. तुम्ही आणि आई दोघेंहि या," असा सूनबाईचा फोन आला. आपल्याला एखाद्या गोष्टीची पारख आहे असें दुसऱ्यानें म्हटल्यावर 'नाहीं' म्हणण्याचें धैर्य निवृत्त मास्तराच्या अंगीं नसतें. आम्ही सपत्नीक निघालों.

घर सजविण्याची ही हौस केवळ नव्या काळाची आहे असें मात्र वाचकांनीं समजूं नये. आमचा जन्म संस्कृत शिकविण्यांत गेला. त्यामुळें गाडींत बसल्या बसल्या आम्हांला वात्स्यायनानें केलेलें नागरकाच्या घराचें वर्णन आठवलें. त्याच्या बाहेरच्या खोलींत पांढऱ्या चादरीची मऊ शय्या आहे. उशाशीं लहानशी वेदिका असून तिच्यावर माळा, उटी आणि सुगंधाची डबी आहे. भिंतींतल्या नागदंताला, म्हणजे खुंटीला, वीणा टांगलेली आहे. आणि चित्र काढावयाचा फलक, रंगसाहित्याची पेटी व एखादें पुस्तक हींहि तेथें आहेत. या वर्णनांत एक गोष्ट लक्षांत घेण्यासारखी आहे. त्यांतली एकहि वस्तु नुसती पाहण्याकरितां ठेवलेली नाहीं. वीणा वाजविली जाते, फलकावर चित्र काढलें जातें, पुस्तक वाचलें जातें. शोभा ही उपयोगाच्या पाठोपाठ आलेली आहे. हें सर्व आम्हीं सूनबाईला ऐकविलें. ती म्हणाली, "बाबा, वीणेचा कोपरा खरंच छान दिसेल." आम्ही गप्प बसलों.

तिनें आम्हांला नेलें तें चोरबाजारांत. भेंडीबाजाराच्या अंगाला मटन स्ट्रीट नांवाची एक गल्ली आहे. नांव ऐकून आमच्या सौभाग्यवती क्षणभर थबकल्या. परंतु तेथें विकावयास मांडलेलीं होतीं तीं लंबकाचीं घड्याळें, ग्रामोफोनचे कर्णे, जहाजांवरचे कंदील, होकायंत्रें, चिनीमातीच्या बरण्या, जुन्या चित्रपटांचीं भित्तिपत्रकें, हंड्या, झुंबरें आणि कडेनें पारा उडालेले बेल्जियमचे आरसे. शुक्रवारीं तेथलीं पक्कीं दुकानें बंद असतात व किरकोळ मालाचा बाजार रस्त्यावरच भरतो. म्हणून आम्हीं शनिवार धरला होता. या बाजाराचें खरें नांव 'शोर बाजार', पण साहेबाच्या जिभेवर त्याचें 'चोर बाजार' झालें, अशी कथा तेथें ऐकावयास मिळते. व्युत्पत्ति शिकविण्यांत हयात गेल्यामुळें आम्हीं तिच्यावर शंका काढली. 'चोर' हा शब्द संध्याकाळपर्यंत आपल्यालाच येऊन चिकटेल, ही शंका मात्र आम्हांला आली नाहीं.

जुनें सामान विकत घेणें हें उत्तरपत्रिका तपासण्यासारखें आहे. नक्कल ओळखतां आली पाहिजे. दर्शनी बाजू पाहून गुण देऊं नयेत. कपाट असेल तर तें भिंतीपासून ओढून त्याची पाठ पाहावी. खण असेल तर तो उलटा करून तळ पाहावा. जुना सुतार पुढची फळी घांसून गुळगुळीत करी, पण पाठीवर रंध्याचे उंचसखल पट्टे तसेच सोडून देई. कारण तेथें पाहणार कोण? यंत्रावर तासलेल्या कपाटाची पाठ मात्र पोटासारखीच सपाट असते. खणाच्या कोपऱ्यांत दोन फळ्या एकमेकींत बोटें गुंतविल्यासारख्या बसविलेल्या असतील, आणि तीं बोटें थोडीं लहानमोठीं असतील, तर तो सांधा हातानें केलेला. ज्या कडेवरून खण शंभर वर्षें मागेंपुढें झाला ती कड झिजलेली असलीच पाहिजे. न झिजलेला म्हातारा खण म्हणजे खोटा साक्षीदार. मग स्क्रू पाहावेत. अधिक चिन्हासारख्या खांचेचा स्क्रू १९३० नंतरच्या दशकांत प्रचारांत आला. तो ज्या पेटींत आहे ती पेटी दीडशें वर्षांची म्हणून सांगत असतील, तर एक तर तिची दुरुस्ती झालेली आहे, नाहीं तर विक्रेत्याच्या सत्यनिष्ठेची दुरुस्ती व्हावयाची राहिली आहे. शेवटीं जमिनीकडे पाहावें. लांकडाला बारीक भोंकें असणें हा गुन्हा नव्हे. पण भोंकांखालीं पिठासारखी ताजी भुकटी पडलेली असेल तर कीड अजून आंत नांदत आहे, आणि ती भाडें न देतां तुमच्या घरीं राहावयास येणार आहे.

हें सर्व आम्ही एका दुकानांत मोठ्यानें समजावून सांगत असतां दुकानाचे वृद्ध मालक गादीवरून उठून आले. आवाजावरून त्यांनीं आमचा व्यवसाय ओळखला असावा. आदबीनें ते म्हणाले, "मास्तरसाहेब, जरा हळू. गिऱ्हाईकं ऐकतात." मग त्यांनीं स्वतःच आम्हांला दोन कपाटांच्या पाठी दाखविल्या. एक खरेंच जुनें होतें. दुसऱ्याविषयीं ते म्हणाले, "लांकूड जुनं, कपाट नवं." हेंहि खोटें नव्हतें. पाडलेल्या घरांच्या तुळया आणि खांब चिरून त्यांचें नवें सामान करतात. सागवान इतकीं वर्षें वाळलेलें असल्यामुळें सहसा वांकत नाहीं कीं फुगत नाहीं. असें सामान 'जुन्या लांकडाचें' म्हणून घेण्यांत नुकसान नाहीं. 'जुनें' म्हणून घेण्यांत आहे.

खऱ्या जुन्या कपाटाला घरीं नेऊन पांढरा रंग देण्याचा सूनबाईचा बेत होता. तो ऐकून मालकांनीं कानांवर हात ठेवले. त्यांनीं कपाटाच्या आंतल्या कोपऱ्यांत स्पिरिटाचा एक थेंब लावून दाखविला. तेथें बोट चिकटूं लागलें. म्हणजे तें पॉलिश लाखेचें. स्पिरिटांत विरघळविलेली लाख कापडाच्या बोळ्यानें हात हात पुसून चढवावयाची, वाळूं द्यावयाची, पुन्हां चढवावयाची, अशी ती कष्टाची रीत. गरम भांडें ठेवलें तर तिच्यावर पांढरा वण उठतो, हें खरें. पण तो वण पुन्हां लाख चढवून घालवितां येतो. हल्लींचीं रासायनिक रोगणें स्पिरिटाला दाद देत नाहींत, आणि एकदां बिघडलीं म्हणजे खरवडून काढल्यावांचून गत्यंतर नसतें. सूनबाईनें पांढऱ्या रंगाचा बेत सोडला; आणि किंमत ऐकल्यावर कपाटाचाहि सोडला.

तिची नजर मग दारापाशीं ठेवलेल्या दोन खुर्च्यांवर गेली. गोल बैठक, वेताची वीण, आणि पाठीच्या जागीं वांकवून बसविलेल्या लांकडाच्या दोन कमानी. त्या पाहतांच आमच्या जिभेवर इराण्याच्या चहाची चव आली. व्हिएन्ना येथील मायकेल थोनेट यानें १८५९ मध्यें या घाटाची खुर्ची काढली. बीच नांवाच्या झाडाचें लांकूड वाफेवर मऊ करून तो तें वांकवीत असे. सगळी खुर्ची सहा तुकड्यांची. स्क्रू सोडविले म्हणजे एक मीटर लांब, रुंद व उंच अशा खोक्यांत छत्तीस खुर्च्या मावत. म्हणून ती स्वस्त पडे, आणि म्हणूनच ती जगभर पसरली. मुंबई-पुण्याच्या इराण्यांच्या दुकानांत याच जातीच्या खुर्च्या मांडलेल्या असत. ती श्रीमंतांची वस्तु कधींच नव्हती. ज्या खुर्चीवर बसून आम्हीं उमेदींत बनमस्का खाल्ला, तिच्या जोडीला आतां अठरा हजार रुपये ऐकून आम्हांला बसावयाचें धैर्य होईना. सूनबाई मात्र दोन्हींवर आळीपाळीनें बसली, पाय हलवून पाहिले, आणि चौदा हजारांत जोडी ठरविली. वस्तु घेण्याची ही रीत आम्हांला आवडली.

पुढचें दुकान चित्रांचें होतें. सोनेरी चौकटींत सरस्वती होती, आणि 'अस्सल रविवर्मा छापखाना' अशी तिची ख्याति सांगण्यांत आली. राजा रविवर्मा यांनीं १८९४ मध्यें मुंबईस शिळाछापाचा छापखाना काढला. प्रत्येक रंगाला निराळा दगड, आणि एका चित्राला असे अनेक दगड लागत. त्या छापखान्यानें देवदेवता राजवाड्यांतून काढून चाळींतल्या भिंतींवर आणल्या. पुढें तो लोणावळ्याजवळ मळवली येथें गेला, आणि १९७२ मध्यें आगीच्या भक्ष्यस्थानीं पडला. त्या काळच्या छपाईचे रंगठिपके कारागिरानें दगडावर हातानें टिपलेले असल्यामुळें भिंगाखालीं ते वेडेवांकडे दिसतात. आतांच्या छपाईचे ठिपके शाळेंतल्या कवायतीसारखे रांगा धरून उभे असतात. पंचांग वाचण्याचें भिंग आमच्या खिशांत होतेंच. कागद पिवळा होता, कडा विटलेल्या होत्या, पण ठिपके कवायतीला उभे होते. सूनबाईनें चित्र मुकाट्यानें परत ठेवलें. आमची प्रतिष्ठा त्या वेळीं शिखरावर होती. आणि शिखरावरून खालीं येण्यास एकच वाट असते.

खुर्च्या बांधून तयार झाल्या कीं नाहीं तें पाहण्यास आम्ही पहिल्या दुकानांत परत आलों. तेथें अमेरिकेंत स्थायिक झालेलें एक मराठी जोडपें नक्षीचा जुना देव्हारा तिकडे पाठविण्याविषयीं मालकांशीं बोलत होतें. मालक हात जोडून नकार देत होते. पुरावस्तूंचा कायदा १९७२ मध्यें झाला व १९७६ मध्यें अंमलांत आला. त्याअन्वयें शंभर वर्षांहून जुनी कलाकुसरीची वस्तु खासगी माणसाला देशाबाहेर नेतां येत नाहीं. शिसवाचें लांकूड असेल तर आणखी एक आडकाठी: त्या जातीच्या सर्व झाडांचा २०१७ पासून आंतरराष्ट्रीय करारांत समावेश झालेला असल्यामुळें त्याच्या व्यापाराला निराळे परवाने लागतात. आम्हांला हें ऐकून समाधान वाटलें. आणि लगेच एक प्रश्न मनांत आला: जी वस्तु देशाबाहेर जाऊं नये म्हणून सरकारला कायदा करावा लागतो, ती घराबाहेर इतक्या सहज कशी जाते?

उत्तर शोधावयास दूर जावें लागलें नाहीं. दुकानाच्या मागच्या खोलींत आमच्या सौभाग्यवती एका वस्तूपुढें उभ्या होत्या. ती शिसवी पेटी होती. अडीच हात लांब, कोपऱ्यांवर पितळी पत्रे, झाकणावर पितळी खिळ्यांचीं फुलें, पुढें जाड कडीकोयंडा.

येथें वाचकांना १९९७ सालांत नेणें भाग आहे. आमचें मूळ घर पुण्यास शनिवार पेठेंत, एका जुन्या वाड्यांत होतें. १२ जुलै १९६१ रोजीं पानशेतचें धरण फुटून नदीकांठच्या पेठांत पाणी शिरलें, तेव्हां वाड्याचा खालचा मजला बुडाला. वाडा मात्र उभा राहिला. पाण्यानें जें केलें नाहीं तें पुढें आम्हीं भाऊबंदांनीं केलें. वाडा पाडून त्या जागीं इमारत बांधण्याचें १९९७ मध्यें ठरलें. आमच्या वांट्याला दोन खोल्या येणार होत्या आणि सामान चार खोल्यांचें होतें: झोपाळा, दोन फडताळें, पेटारे, उतरत्या झाकणाचें डेस्क, आणि शिसवी पेटी. जुन्या सामानाचा एक व्यापारी आला. त्यानें फडताळावर टिचकी मारली, तोंड वांकडें केलें, आणि सर्वांचे मिळून उक्ते साडेतीन हजार रुपये सांगितले. आम्हीं चार हजार मागितले व तीन हजार आठशें घेतले. आपण व्यवहारांत कच्चे नाहीं, असें त्या रात्रीं आम्हांला वाटलें.

ती पेटी आमच्या सौभाग्यवतींची होती. त्यांच्या आजीला तिच्या लग्नांत मिळालेली, व आजीनें नातीला आमच्या लग्नांत, १९८४ मध्यें, दिलेली. सामान विकलें त्या आठवड्यांत सौभाग्यवती आईच्या आजारपणासाठीं साताऱ्यास माहेरीं गेल्या होत्या. त्यांच्या शेजारीं फोन होता. आम्हीं विचारलें नाहीं. पेटींतलीं लुगडीं मात्र आम्हीं स्वतः घड्या करून ट्रंकेंत ठेवलीं. एवढी सभ्यता आमच्यापाशीं होती. परत आल्यावर त्यांनीं विचारलें, "पेटी कुठं आहे?" आम्ही म्हणालों, "नव्या घरांत मावली नसती." त्या "बरं" म्हणाल्या. त्या एका शब्दावर आम्हीं संमतीचा शिक्का मारून तें प्रकरण दप्तरीं दाखल करून टाकलें होतें.

आणि आम्ही कोण? तर संस्कृताचे शिक्षक. याज्ञवल्क्यस्मृतींतला व्यवहाराध्याय आम्हीं आवडीनें वाचलेला. पिता, माता, पति व बंधु यांनीं दिलेलें आणि विवाहाग्नीच्या सन्निध मिळालेलें जें, तें स्त्रीचें धन, असें तेथें सांगितलें आहे. त्या यादींत आजी नाहीं असा मुद्दा कोणी काढील, तर मिताक्षरेनें यादीच्या शेवटच्या 'आद्य' या शब्दाचा विस्तृत अर्थ करून ती पळवाट बंद केलेली आहे. पतीनें हें धन घेतलें व परत केलें नाहीं तरी चालेल, असे प्रसंग स्मृतिकारानें चारच दिले आहेत: दुष्काळ, धर्मकार्य, आजार आणि बंदिवास. वाड्याच्या पुनर्बांधणीचा त्यांत उल्लेख नाहीं.

सौभाग्यवतींनीं पेटीचें झाकण उचललें. आंत उजव्या अंगाला एक लहान कप्पा होता. त्याच्या तळाची फळी त्यांनीं बोटानें दाबून बाजूला सरकविली. खालीं चोरकप्पा निघाला. तो रिकामा होता. "आई, तुम्हांला कसं ठाऊक?" सूनबाईनें आश्चर्यानें विचारलें. त्या बोलल्या नाहींत. झाकणाची आंतली बाजू त्यांनीं तळहातानें दोनदां चांचपली आणि हात काढून घेतला.

आमच्या मनांत त्या वेळीं काय आलें तें प्रांजलपणें सांगितलें पाहिजे. ती तीच पेटी असावी अशी आम्हांला फार इच्छा झाली. मालकांनीं किंमत पंचेचाळीस हजार सांगितली. आम्हीं ती अडतीस हजारांवर आणली. मास्तराच्या निवृत्तिवेतनाला हा आंकडा लहान नव्हे. पण इतक्या वर्षांचें ओझें तेवढ्यांत उतरत असेल तर सौदा स्वस्त होता.

"घेऊन टाकूं," आम्ही म्हणालों.

"कशाला?"

"तुझ्यासाठीं."

"ही माझी नाहीं," त्या म्हणाल्या. "माझ्या पेटीच्या झाकणाला आंतून निरांजनाचा डाग होता. आजीच्या हातून पडलेला."

"अगं, पण अगदीं तशीच आहे."

"तशीच आहे, म्हणूनच नको." झाकण हलकेंच मिटीत त्या म्हणाल्या, "हीसुद्धां कुणाची तरी असेल. तिलाहि कुणी विचारलं नसेल."

चिरंजीव आपल्या मोबाइलकडे पाहूं लागले. आम्हांला कोठें पाहावें तें कळेना. वृद्ध मालकांनीं पेटीवरची धूळ उपरण्यानें पुसली आणि स्वतःशींच बोलावें तसे म्हणाले, "बाई, चाळीस वर्षं मी हा धंदा करतों. पेट्या विकायला पुरुष येतात. विकत घ्यायला बायका येतात."

अंधेरीस पोंचेपर्यंत कोणी फारसें बोललें नाहीं. खुर्च्या खिडकीशीं लागल्या. सौभाग्यवतींनीं त्यांतल्या एकीवर बसून मेथी निवडली, आणि ती खुर्ची त्या घरची झाली. रात्रीं आम्हीं त्यांना म्हटलें, "तेव्हां तुला विचारायला हवं होतं." त्या "हो" म्हणाल्या. क्षमा केली असें म्हणाल्या नाहींत, आणि तें आम्हांला योग्यच वाटलें. इतकीं वर्षें आम्ही 'बरं' या शब्दाचा अर्थ चुकीचा लावीत आलों होतों. 'हो' या शब्दाचा तरी बरोबर लावावा असें आम्हीं ठरविलें.

पुण्यास परततांना आणखी एक गोष्ट आठवली. शाळेंतल्या मुलांची सहल घेऊन आम्ही एकदां राजा दिनकर केळकर संग्रहालयांत गेलों होतों. सौभाग्यवतीहि बरोबर होत्या. 'अज्ञातवासी' या नांवानें कविता लिहिणारे दिनकर गंगाधर केळकर यांनीं आयुष्यभर अडकित्ते, दिवे, फण्या, दौती, दरवाजे अशा घरगुती वस्तु जमविल्या, त्या संग्रहाला बालपणींच वारलेल्या आपल्या मुलाचें, राजाचें, नांव दिलें, आणि १९७५ मध्यें तो सगळा महाराष्ट्र सरकारच्या स्वाधीन केला. मुलें शस्त्रांपाशीं धांवलीं. सौभाग्यवती मात्र डब्या-पेट्यांपुढें इतका वेळ उभ्या राहिल्या कीं त्यांना दोनदां हांक मारावी लागली. त्या कलाकुसर पाहात आहेत असें आम्हीं धरून चाललों होतों.

जुनें सामान घेऊंच नये, असें आमचें म्हणणें नाहीं. विकणाऱ्याला दोष देण्यांतहि अर्थ नाहीं. आमच्यासारख्यांनीं टाकलेलें त्यानें पुसून, किडीपासून जपून ठेवलें नसतें तर पुष्कळ शिसव आतांपर्यंत बंबांत गेला असता. घ्यावयाचें तर पाठ पाहून घ्यावें, तळ पाहून घ्यावें, बसून पाहून घ्यावें, आणि वापरावें. पण बाजारांत जाण्यापूर्वीं प्रत्येकानें आपला माळा एकदां उतरवावा, आणि तेथून कांहीं काढून टाकण्यापूर्वीं तें कोणाचें आहे हें विचारावें. विचारण्यास पैसे पडत नाहींत. न विचारल्याची किंमत मात्र पुढें अडतीस हजारांतहि फिटत नाहीं.

आम्ही निघतांना सूनबाई म्हणाली होती, "बाबा, तुमच्याकडे ती आरामखुर्ची आहे ना, लांब हातांची? ती इथं काय शोभेल!" 'तुझीच समज' हे शब्द आमच्या ओठांवर आले होते. ते आम्हीं गिळले.

घरीं आल्यावर आम्हीं एक वही घेतली व उरलेल्या जुन्या वस्तूंची यादी केली. चौदा निघाल्या: पाट, चौरंग, समया, पानाचा डबा, अडकित्ता, तांब्याचा बंब, आरामखुर्ची इत्यादि. पुढें 'कोणाची' असा रकाना आंखला. तेरा वस्तूंपुढें आम्हीं 'घरची' असें लिहिलें, आणि आरामखुर्चीपुढें 'आमची'. वही सौभाग्यवतींपुढें ठेवली. मास्तराच्या घरांत तांबडी शाई कोठें असते हें त्यांना ठाऊक आहे. त्यांनीं सात ठिकाणीं 'घरची' हा शब्द खोडून नांवें घातलीं. बंबापुढें लिहिलें, 'थोरल्या जाऊबाईंचा. ठेवायला दिलेला आहे, देऊन टाकलेला नाहीं.' आणि आरामखुर्चीपुढचें 'आमची' खोडून लिहिलें, 'मामंजींची. कोणाला द्यावयाची असल्यास आधीं वन्संना विचारावें.'

आम्हीं बहिणीला फोन केला. वडिलांच्या खुर्चीविषयीं आपल्याला कोणी कांहीं विचारील, ही तिनें आशाच सोडली होती असें दिसलें. ती क्षणभर गप्प राहिली व मग म्हणाली, "मला हवी आहे."

पुढच्या रविवारीं ती खुर्ची न्यावयास येणार आहे. सूनबाईच्या खिडकीजवळची जागा तूर्त रिकामी राहील. तोंपर्यंत बहिणीच्या परवानगीनें त्या खुर्चीवर बसूनच आम्ही हा लेख लिहीत आहों.